खालचा आवाज

आठवीच्या डिसेंबरात माझा आवाज फुटला. साल १९७७. त्याआधीची दोन वर्षं शाळेच्या क्वायरमध्ये मी पुढच्या रांगेत, डावीकडून तिसरा उभा राहायचो आणि नाताळच्या कार्यक्रमात एका कॅरलचं पहिलं कडवं एकट्याने म्हणायचो. केळवे-माहीमच्या पानमळेवाल्या वाडवळाचं पोर पालघरच्या मिशनच्या शाळेत बाळ येशूचा पाळणा गातं, याचं गावात थोडं कौतुक होतं, थोडी थट्टाही होती. त्या वर्षी पहिल्याच तालमीला वरच्या सुराला हात घातला आणि घशातून कोंबडा आरवला. मुली फिदीफिदी हसल्या. क्वायरच्या सरांनी पेटीचा भाता हलता ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, "मागे जा. उद्यापासून तू सेकंडला."

सेकंड म्हणजे खालचा आवाज. चाल वरच्यांनी गायची. सेकंडवाल्यांनी त्याच वेळी, त्याच शब्दांवर, पण वेगळ्या सुरांत तिच्याखालून चालायचं. चाल गावभर भटकून येते. सेकंड ओटीवर बसून घर राखतो. चार-चार मात्रा एकाच सुरावर मुक्काम, मग एक पायरी खाली, पुन्हा वर, पुन्हा तिथेच. एकटी म्हटली तर या ओळीला गाणं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. मी ती पानमळ्यात घोकायचो. मळ्यात भर दुपारीही ओलसर काळोख असतो आणि पानं खुडणाऱ्या बायकांखेरीज ऐकायला कुणी नसतं. आजी करंड्यात पानं रचत बसलेली असे. दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय रे, पोटात दुखतंय का?"

शाळेचं नाव मी सांगत नाही. पुढे तिच्याविषयी एक तक्रार आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली होती, बोईसरला एमआयडीसीची धुराडी उभी राहत होती. त्यामुळे वर्गात केरळची, तामिळनाडूची, बंगालची मुलं होती. सातपाटीची मांगेल्यांची होती, वसतिगृहातली वारल्यांची होती, आणि आम्ही केळवे-माहीमचे होतो. ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी. क्वायरमध्ये तर त्याहून कमी, कारण सर प्रवेश देताना बाप्तिस्मा विचारत नसत. एक सूर द्यायचे आणि तो परत मागायचे. सिस्टर केरळच्या. त्यांचा 'ळ' आमच्यापेक्षा चोख होता आणि हे त्या आम्हाला वारंवार ऐकवत.

सर वसईचे. सकाळच्या शटलने येत, संध्याकाळच्या शटलने जात. जानेवारीत वसईतल्या ख्रिस्ती लग्नांना ऊत येई. तेव्हा ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आणि सोमवारी सुजल्या ओठांनी शाळेत येत. लहानपणी ते गावच्या चर्चमध्ये लॅटिन गायलेले. १९६३ साली व्हॅटिकनच्या धर्मसभेने लोकभाषांना दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत वसईतली उपासना मराठीत आली. सरांना त्याचा आनंद होताच, पण एकदा म्हणाले होते, "लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून कान सगळा शेजाऱ्याकडे असायचा. आता प्रत्येकाला आपलं आपलं कळतं."

शेजाऱ्याकडे कान हीच त्यांची सगळी शिकवणी होती, असं आता म्हणता येईल. तेव्हा मात्र तो छळ वाटायचा. सेकंड गाणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे चाल त्याला ओढते. शेजारी वीस मुली मोठ्याने चाल म्हणत असतात, ती ओळखीची असते, गोड असते, आणि आपण कधी घसरून तिच्यात जाऊन पडलो ते कळतही नाही. यावर सगळी मुलं एकच उपाय शोधतात: तळहाताने कान झाकायचा आणि आपली ओळ दामटून म्हणायची. मीही तेच केलं. सरांनी माझा हात कानावरून खाली ओढला. "कान झाकून सेकंड म्हणता येत नाही. वरची ओळ ऐक. ऐकत राहा. आणि जाऊ नको."

ऐक आणि जाऊ नको. तेरा वर्षांच्या मुलाला हे जमायला तीन आठवडे लागले. जमलं त्या दिवशी काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझा कंटाळवाणा एक सूर तिथल्या तिथे होता, वरून चाल एका सुरावरून दुसऱ्यावर गेली, आणि मी काहीच न करता माझ्या सुराचा रंग बदलला. अगोदर तो आनंदी होता, आता उदास झाला. हललो मी नव्हतो. हे आमच्या वर्गाच्या पत्र्याच्या छपराखाली, पंख्याच्या घरघरीत घडलं.

आपल्या संगीतात असं घडत नाही, हे कमीपणाने म्हणत नाही. माहीमला महिकावतीच्या देवळात भजनं होत, तिथे मी वडिलांच्या मांडीवर बसून टाळ कुटलेले. भजनात सगळे एकच चाल म्हणतात. मागे पडलेल्याला बाकीचे ओढून घेतात, बेसूर असला तरी पोटात घालतात. त्याची मजा वेगळी. आपल्या गाण्याची सगळी खोली त्या एका ओळीत आहे, तिच्या मींडीत, तिच्या वळणात. खालचा आवाज आपल्यालाही लागतो, पण तो आपण माणसाला दिला नाही, तंबोऱ्याला दिला. सनईच्या ताफ्यात एक जण केवळ सूर धरून बसलेला असतो; गाल फुगवून, तासन्‌तास. लग्नाच्या फोटोत त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आणि पेटीचं बघा. अलेक्झांद्र दबँ याने पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायाने मारायचा होता. दोन्ही हात पट्ट्यांवर: उजव्याने चाल, डाव्याने खालचा आवाज. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे पाय काढले, मांडी घालून वाजवता येईल अशी केली आणि भाता मागे, डाव्या हाताला दिला. म्हणजे ज्या हाताने खालचा आवाज वाजवायचा तोच हात आपण वारा घालायला लावला. भजनीबुवांना त्याने काही तोटा झाला नाही. आमच्या सरांना मात्र झाला. ते डाव्या कोपराने भाता दाबून दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर आणायची कसरत करत, आणि आम्ही ती सर्कस बघत सूर चुकत असू.

सर फळ्यावर पाच रेघांचं नोटेशन काढत नसत. ड, र, म, फ, स, ल, ट अशी अक्षरं लिहीत, मध्ये उभ्या रेघा आणि टिंबं. डो म्हणजे सा, रे म्हणजे रे, इथवर आमची गाडी सुखाने जाई. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की हे जॉन कर्वेन नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं काम. १८४१ साली हल गावात रविवारच्या शाळा चालवणाऱ्यांची परिषद भरली होती. गरिबांच्या मुलांना गायला शिकवायची सोपी रीत शोधा, असं तिथे या तरुणाला सांगण्यात आलं. तो स्वतः काही मोठा गवई नव्हता. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर बाईंनी शाळेतल्या मुलांसाठी अक्षरांची एक पद्धत बसवली होती. त्याने ती उचलली, घासूनपुसून घेतली आणि जगभर केली. तिची मेख छापखान्यात होती. रेघांचं नोटेशन छापायला वेगळे खिळे, वेगळा कारागीर, वेगळा पैसा. अक्षरांना काही लागत नाही. ज्या खिळ्यांनी बातमी छापता त्यांनीच गाणं छापा. मिशनच्या शाळांबरोबर ती मादागास्करला गेली, दक्षिण आफ्रिकेत गेली. तिथल्या क्वायर आजही त्या अक्षरांवर चार-चार आवाज गातात. आमच्यासाठी सरांनी ती देवनागरीत आणली. तिचं पेटंट कुणी घेणार नाही, आणि त्या फळ्याचा फोटोही कुणी काढलेला नाही.

त्या अक्षरांचं मूळ याहून आठशे वर्षं मागे जातं. इटलीतल्या अरेझ्झोचा ग्विदो नावाचा एक साधू चर्चमधल्या पोरांना गाणं शिकवायचा. पोरं वर्षानुवर्षं घोकूनही नवं गीत स्वतःहून वाचू शकत नाहीत, या कटकटीने तो वैतागला होता. संत जॉनच्या एका स्तोत्रात प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एका सुराने वर सुरू होते, हे त्याने हेरलं आणि त्या ओळींची पहिली अक्षरं सुरांना नावं म्हणून दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. 'उत'चं पुढे 'डो' झालं. पाश्चात्य संगीताचा सगळा डोलारा ज्या नावांवर उभा आहे ती शाळामास्तराच्या वैतागातून आली, ही गोष्ट मला फार आवडते.

आता सरांच्या एका पराभवाची गोष्ट. शाळेत आम्ही दोन जातींची गाणी गायचो. एक इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी भाषांतरं, दुसरी रेव्हरंड टिळकांची पदं. नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट, आमची शाळा कॅथलिक. सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाषांतरांविषयी माझं मत तेव्हाही वाईट होतं, आज अधिक वाईट आहे. इंग्रजी चालीत जोर जिथे पडतो तिथे मराठी शब्दाचं शेपूट येतं आणि देवाच्या नावाचा मधेच तुकडा पडतो. फादर स्टीफन्स यांना हे उमगलं होतं. त्यांच्या १६१६ सालच्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे नगरच्या मिशनमध्ये राहून येशूला अभंगात, ओवीत, पदांत आणलं. टाळमृदंगावर म्हणता येईल, खेड्यातल्या बाईच्या तोंडी बसेल असं. आम्हा माहीमच्या पोरांना ती पदं शिकवावी लागलीच नाहीत. दुसऱ्यांदा ऐकून येत.

तर सरांना वाटलं, टिळकांच्या पदालाही सेकंड द्यावा. चाल भूपाच्या वळणाची होती. भूपात म नाही, नी नाही. 'ग'च्या खाली 'सा' ठेवला, छान झालं. 'प'च्या खाली 'ग', तेही छान. 'रे'च्या खाली त्याच अंतराचा सूर शोधायला गेले तर बोट 'नी'वर पडलं. 'नी' लागला आणि पद एकदम कोट घालून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी 'नी' टाळून 'ध' करून बघितला. तोही चालीला चिकटेना. तिसऱ्या दिवशी सरांनी पेटी मिटली. "हे एकटंच पुरं आहे," म्हणाले. "याला खालचा नको." शिक्षकाने वर्गासमोर हरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि एखाद्या गोष्टीला आपली गरज नसते हेही.

त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' लागला होता. अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो ते गाणं आम्ही मधल्या सुट्टीत बाकं बडवून म्हणायचो. सरांनी एकदा थांबवून विचारलं, "हा अँथनी गोन्साल्विस कोण, माहीत आहे?" आम्हाला वाटलं, अमिताभ. सर म्हणाले, "तो खरा माणूस आहे. प्यारेलालचा व्हायोलिनचा मास्तर." आमचा विश्वास बसला नाही. गोष्ट अक्षरशः खरी आहे. अँथनी गोन्साल्विस १९२७ साली गोव्यात माजोर्ड्याला जन्मले. वडील तिथल्या चर्चचे गायनमास्तर. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या अंगणात शाळा चालत, आणि तिथे अक्षरओळखीबरोबर सूरओळख होई. मुलाला वाचता येणं म्हणजे पोथीही आणि नोटेशनही. हेतू रविवारच्या उपासनेला गाणारे आणि व्हायोलिनवाले मिळावेत एवढाच. पण पोट भरायला ही मुलं मुंबईत आली तेव्हा पोलीस बँड, हॉटेलं आणि सिनेमाचे स्टुडिओ यांना नेमकी अशीच माणसं हवी होती: समोर कागद ठेवला की वाजवणारी.

संगीतकार पेटीवर चाल काढायचे. त्या चालीखाली व्हायोलिनं काय म्हणतील, अंतऱ्याच्या मागे चेलो कुठे उतरेल, हे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा असे लोक लिहायचे. शंकर-जयकिशनचं कुठलंही जुनं गाणं घ्या आणि एकदा लता मंगेशकरांकडे दुर्लक्ष करून ऐका. कठीण आहे, पण करून बघा. खाली जे चाललेलं असतं ते चर्चच्या शाळेतला सेकंड आहे. पडद्यावरच्या नामावळीत ही नावं बहुधा नसत. गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यं यांचा मेळ घालून पाहिला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेला गेले, परतून माजोर्ड्यात गुपचूप राहिले आणि २०१२ च्या जानेवारीत वारले. ज्या गाण्याने त्यांचं नाव देशभर केलं, त्यात ते नाव एका बेवड्या, दिलदार गुंडाचं आहे. शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा कुठल्या रूपाने येईल याचा नेम नाही.

नाताळचा कार्यक्रम बावीस डिसेंबरला झाला. आजी आली होती. माहीम ते पालघर एस्टीने, नवं लुगडं नेसून. तिला मी आधी सांगितलं नव्हतं की यंदा मी एकटा म्हणणार नाही. कार्यक्रम संपल्यावर ती मला शोधत मागे आली आणि म्हणाली, "सगळं ऐकलं बाबा, पण तुझा आवाज काही सापडला नाही." सर शेजारी पेटीला खोळ घालत होते. ते म्हणाले, "मग बरोबर गायला."

हे ते वाडवळीत म्हणाले. आजीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग जे दोघं सुरू झाले ते अर्धा तास थांबेनात. बावखल, वाल, पोपटी, केळीची लोंगरं, कुणाकडे पाणी खारं झालं. वसईचे ख्रिस्ती वाडवळ आणि माहीमचे हिंदू वाडवळ, काही शतकांपूर्वी एकाच वाडीत असतील. पोर्तुगीज आले, काहींची आडनावं बदलली. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने आमचा माहीमचा किल्ला, केळवं, तारापूर आणि शेवटी वसई घेतली. पण बोली कुणी जिंकली नाही, कुणी हरली नाही. त्या स्वारीत चर्चच्या घंटा उतरवून मराठे देशावर घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे. भीमाशंकरला एक आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. घंटा ओतताना तिच्यात जो सूर बसला तोच अजून निघतो. यावर सर्वधर्मसमभावाचं भाषण करायची इथे सोय आहे, पण आजीला आणि सरांना ते सुचलं नाही. त्यांचं बोलणं वालाच्या शेंगांवर येऊन थांबलं, कारण शटलची वेळ झाली.

"तुमच्या क्वायरमधून कुणी मोठं झालं का हो?" असं मला पुष्कळांनी विचारलंय. नाही झालं. आमच्या रांगेतला एक जण मर्चंट नेव्हीत गेला, एक बोईसरला रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता, मी पोस्टात होतो. ज्यांना नावच हवं आहे त्यांच्यासाठी पाचगणीचं सेंट पीटर्स आहे. फारोख बल्सारा नावाचा पारशी मुलगा झांझिबारहून १९५५ साली, वयाच्या आठव्या वर्षी तिथे आला. मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहून कळवलं की मुलाला संगीतात गती दिसते, थोडी जास्तीची फी भरलीत तर पियानो शिकवू. आईवडिलांनी भरली. तो चौथ्या ग्रेडपर्यंत पियानोच्या परीक्षा पास झाला, क्वायरमध्ये गायला, आणि १९५८ साली पाच पोरांनी मिळून बँड काढला. जग त्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. मला या गोष्टीतलं एकच आवडतं: त्या शाळकरी बँडचा मुख्य गायक फारोख नव्हता. तो मागे पियानोवर बसून खालचे आवाज द्यायचा. आणि १९७५ च्या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात जी शेकडो माणसांची क्वायर ऐकू येते, तिच्यात खरं तर तीनच माणसं आहेत. एकावर एक आवाज रचत गेलेली.

लहानपणी क्वायरमध्ये गाणाऱ्या संगीतकार हायडनचं नशीब वेगळं. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्समध्ये त्याचा आवाज फुटला आणि १७४९ साली त्याला चक्क रस्त्यावर काढलं. एका सोबत्याची वेणी कापण्याचा उद्योगही त्याने केला होता असं सांगतात, पण खरं कारण घसा. माझ्या सरांकडे मागची रांग होती.

आता ती तक्रार. काही वर्षांपूर्वी त्याच शाळेने माजी विद्यार्थी म्हणून मला नाताळच्या कार्यक्रमाला बोलावलं. नवं सभागृह, दोन मोठे स्पीकर, मुलं देखण्या कपड्यांत. कॅरल सुरू झाली आणि मी हुरळलो: चार आवाज, अगदी स्वच्छ. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की चारही आवाज स्पीकरमधून येतायत. डाऊनलोड केलेल्या ट्रॅकमध्ये क्वायरही आयती होती. मुलं तिच्यावर तोंडं हलवत होती, काही जण चाल म्हणत होते, आणि खाली प्रत्येक पालक मोबाईल उंचावून आपापलं पोर टिपत होता. नंतर संगीताच्या बाईंना भेटलो. त्या तासिकेवर येतात, तीन शाळा करतात, आठवड्यातून वर्गाला पस्तीस मिनिटं. "सर, दोन आवाज बसवायला महिना लागतो. आणि बसवले तर आई येऊन विचारते, माझ्या मुलीला चाल का दिली नाही?" बाईंचं काही चुकत नव्हतं.

टीव्हीवरच्या 'लिटिल चॅम्प्स'नंतर घरोघरी गाणं शिकवायला लागले, पेटीचे क्लास निघाले, हे चांगलंच झालं. पण तिथे प्रत्येक मूल एकटं, प्रकाशझोतात. दहावीला शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेही चांगलं. मागच्या रांगेत उभं राहून चार मात्रा एक सूर न ढळता धरला, याचे किती गुण, ते कुठल्या रकान्यात भरायचे? मला खंत त्या ट्रॅकची नाही तेवढी. खंत ही, की ज्या शाळांच्या हाती ही एक विद्या होती, जी दुसऱ्या कुठल्या शाळेत, क्लासात, देवळात मिळत नव्हती, त्यांनीच ती हातची सोडली. मराठी शाळांनी कवायत ठेवली, लेझीम ठेवली. मिशनच्या शाळांनी निदान सेकंड ठेवायला हवा होता.

सगळ्यांनीच सोडला असं नाही. माझी नात बोईसरच्या एका छोट्या शाळेत पाचवीत आहे. तिथेही चर्च आहे, तिथेही केरळच्या सिस्टर आहेत. गेल्या डिसेंबरात ती सुट्टीला माहीमला आली. पानमळा आता अर्धाही उरलेला नाही. त्या जागी चुलतभावाने सुट्टीच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. ती मागच्या ओटीवर पाय हलवत बसली होती आणि काहीतरी पुटपुटत होती. एकच सूर, चार मात्रा. एक पायरी खाली. पुन्हा वर. पुन्हा तिथेच. सून आतून ओरडली, "अगं, नीट चालीत म्हण ना!" पोरगी गप्प झाली.

मी उठून बाहेर गेलो आणि तिच्या शेजारी बसलो. ती कॅरल मला पाठ होती. मी वरची ओळ म्हणायला लागलो, कापऱ्या आवाजात, वरचा सूर न पोचता. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, उजवा हात उचलून कानाशी नेला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खाली घेतला.

तुमच्या घरातलं पोर डिसेंबरात असं काही कण्हत बसलेलं दिसलं, तर कृपा करून त्याला नीट चालीत म्हणायला सांगू नका. ते नीटच म्हणतंय. चाल येत असेल तर तुम्ही म्हणा.